त्वचेतले वेदनातंतू आणि जंतुसंसर्ग

पेशीपुराण

दुखणं ओळखणारे मज्जातंतू मेंदूला निरोप पाठवतात, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. हेच तंतू त्वचेतल्या त्वचेत, मेंदूला न विचारता, जंतूंविरुद्धच्या पेशींनाही हलवतात. हा भाग मराठीत फारसा कुठे वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

आधी रचना. वेदनातंतू दोन जातींचे. ए-डेल्टा तंतूंवर मायलिनचं पातळ आवरण असतं, संदेश सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर वेगाने जातो. टोचल्याबरोबर जी चुणूक जाणवते ती यांची. सी-तंतूंवर आवरण नसतं, वेग सेकंदाला ०.५ ते २ मीटर. मागाहून येणारी जळजळ आणि ठणका यांचा. पेशीचा मुख्य देह मणक्याशेजारच्या गाठीत असतो (चेहऱ्यासाठी कवटीच्या तळाशी वेगळी गाठ आहे) आणि तिथून एकच धागा थेट त्वचेपर्यंत जातो. पायाच्या अंगठ्याचा धागा मोठ्या माणसात मीटरभर लांब भरतो. त्वचेत शिरल्यावर त्याला अनेक फांद्या फुटतात आणि त्यांची उघडी टोकं बाह्यत्वचेतल्या पेशींमधून वर चढतात. लँगरहान्स पेशी (वरच्या थरातल्या पहारेकरी पेशी) त्यांना अगदी खेटून असतात. खालच्या थरात डेंड्रिटिक पेशी (जंतूची ओळख इतर पेशींना पटवणाऱ्या), मास्ट पेशी (दाहाची रसायनं साठवणाऱ्या) आणि मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या). म्हणजे जंतू आत घुसला की जे पहिले काहीजण भेटतात त्यांत हे तंतू येतात.

या टोकांवर टीआरपीव्ही१ नावाची आयनवाहिनी असते. ४३ अंश सेल्सिअसच्या पुढची उष्णता, आम्ल आणि मिरचीतलं कॅप्सेसिन यांनी ती उघडते. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये तिचा जनुक शोधला, २०२१ च्या नोबेलमागे हेच काम होतं. टोकांमध्ये पेप्टाइड (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) भरलेल्या बारीक पुटिका तयारच असतात. दोन नावं लक्षात ठेवा: सीजीआरपी (३७ अमिनो आम्लं) आणि सबस्टन्स पी (११ अमिनो आम्लं). पहिलं रक्तवाहिन्या रुंदावतं, दुसरं त्यांच्या भिंती गळक्या करतं आणि मास्ट पेशींना चेतवतं.

ही पेप्टाइडं बाहेर कशी पडतात हे स्वतःच्या हातावर पाहता येतं. बाहूच्या आतल्या बाजूला बोथट टोकाने, कातडी न फाडता, जोर देऊन एक रेघ ओढा. काही सेकंदांत रेघेपुरती लाली. पाऊण-एक मिनिटात तिच्या दोन्ही बाजूंना वेड्यावाकड्या कडेची लाली पसरते. जोर पुरेसा असेल तर पुढच्या दोन-तीन मिनिटांत रेघ फुगून वर येते. थॉमस लुईस यांनी १९२७ मध्ये या तिन्ही टप्प्यांचं नीट वर्णन केलं. पहिला आणि तिसरा टप्पा स्थानिक रसायनांचा. मधला, पसरणारा, मज्जातंतूंचा. टोकाकडून मणक्याकडे निघालेला संदेश वाटेत फाटा लागला की दुसऱ्या फांदीत वळून पुन्हा त्वचेकडे येतो आणि तिथल्या टोकातून पेप्टाइड सोडतो. यालाच अॅक्सॉन रिफ्लेक्स म्हणतात. मेंदू आणि मेरुरज्जू यांचा यात काही संबंध नाही.

पुरावा असा: तंतू नुकताच कापला असेल तर त्वचा बधिर होते, पण पसरणारी लाली येतेच. काही दिवसांनी कापलेला तुकडा झिजून मेला की ती बंद होते.

आता जंतू. २०१५ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी वेदनातंतूंना थेट चेतवते. तंतू सीजीआरपी सोडतात. त्याने त्वचेतल्या एका विशिष्ट जातीच्या डेंड्रिटिक पेशी आयएल-२३ (पेशींमधला निरोप नेणारं प्रथिन) बनवू लागतात. आयएल-२३ मुळे गॅमा-डेल्टा टी-पेशी (एका जातीच्या पांढऱ्या पेशी) आयएल-१७ हे तसंच दुसरं प्रथिन सोडतात आणि त्याने न्यूट्रोफिल (जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) गोळा होतात. बुरशीविरुद्ध हाच मार्ग कामाचा. तंतू आधीच नष्ट केलेल्या उंदरांत आयएल-१७ कमी पडलं आणि त्वचेत बुरशी जास्त वाढली. बाहेरून सीजीआरपी दिल्यावर बरीचशी कसर भरून निघाली.

२०१९ चा प्रयोग मला त्याहून आवडतो. टीआरपीव्ही१ असलेल्या तंतूंत निळ्या प्रकाशाने उघडणारं प्रथिन बसवलं आणि उंदराच्या कातडीवर नुसता प्रकाश पाडला. जंतू नाही, जखम नाही. तरीही आयएल-१७ ची फळी उभी राहिली आणि नंतर सोडलेल्या कॅन्डिडाला आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस या गळवं करणाऱ्या जिवाणूलाही ती त्वचा जास्त चांगली पुरून उरली. शेजारची, प्रकाश न पडलेली त्वचाही सज्ज झाली होती. लुईस यांच्या रेघेभोवती लाली पसरते तीच ही वाट. फक्त इथे लालीसोबत संरक्षणही पसरतं.

कोऽहम

वाचलं. दोन प्रश्न.

१. मग पिकलेल्या जखमेवर वेदनाशामक घेणं चुकीचं म्हणायचं का?

२. तंतू इतके मदतीला येत असतील तर गळू इतकं ठणकूनही चार-चार दिवस वाढत का राहतं?

शल्यक

दुसऱ्या प्रश्नात पेशीपुराण यांनी न लिहिलेली अर्धी बाजू आहे. कॅन्डिडावरून सगळ्या जंतूंबद्दल अनुमान काढू नका.

स्टॅफिलोकोकस ऑरियसने त्वचा का दुखते याचं जुनं उत्तर असं होतं: पांढऱ्या पेशी जमतात, सूज येते, सुजेतली रसायनं तंतूंना चेतवतात. २०१३ मध्ये हे पार उलटं निघालं. उंदरांत वेदना जंतूंच्या संख्येबरोबर वाढली-उतरली, सुजेबरोबर नाही. न्यूट्रोफिल काढून टाकले तरी दुखणं कमी झालं नाही. जंतूची दोन हत्यारं थेट तंतूवर चालतात. एक म्हणजे एन-फॉर्मिल पेप्टाइड, जिवाणूंची प्रथिनं बनताना सुटणारे तुकडे. दुसरं अल्फा-हीमोलायसिन, पेशीच्या पटलाला भोक पाडणारं विष. त्यातून आयन आत शिरतात आणि तंतू पेटतो.

आणि पेटलेल्या तंतूने सोडलेलं सीजीआरपी इथे मॅक्रोफेजना थंड करतं. टीएनएफ हे दाह पेटवणारं प्रथिन कमी बनतं. वेदनातंतू नसलेल्या उंदरांत संसर्गाच्या जागी पांढऱ्या पेशी *जास्त* जमल्या आणि जवळच्या लसिकाग्रंथी जास्त सुजल्या.

२०१८ मध्ये स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिसचं प्रकरण समोर आलं. मांस सडवणारा संसर्ग, नेक्रोटायझिंग फॅसिआयटिस, ज्यामुळे होतो त्यांतला हा मुख्य जंतू. याचं स्ट्रेप्टोलायसिन एस तंतूंना चेतवतं, सीजीआरपी सुटतं, न्यूट्रोफिल कमी येतात आणि आलेले नीट मारत नाहीत. जंतू तंतूलाच कामाला लावतो. उंदरांत बोट्युलिनम विष टोचून पेप्टाइड सुटणं बंद केलं, किंवा सीजीआरपीचा ग्राहक (पेशीवरचं, त्याचा निरोप घेणारं प्रथिन) अडवला, तेव्हा संसर्ग आटोक्यात आला. माणसावर हा उपचार म्हणून कुणी करू नये. तिथे शस्त्रक्रिया आणि शिरेतून अँटिबायोटिक, बस्स.

पण निदानासाठी याचा उपयोग आजही होतो. वरून त्वचा जरा लाल, जरा सुजलेली, आणि माणूस मात्र वेदनेने तळमळतोय: दिसतंय त्याच्या मानाने दुखणं फार जास्त. हे लक्षण पाठ्यपुस्तकात आधीपासून होतं, कारण आता कळलं. सोबत आणखी बघायचं ते असं:

- सूज आणि कडकपणा लालीच्या कडेच्याही पुढे जाणं
- काही तासांत कड सरकणं
- जांभळट डाग, पाणी किंवा रक्त भरलेले फोड
- दाबल्यावर चरचर (वायू असेल तर, नसली म्हणून संशय सोडायचा नाही)
- नाडी जलद, रक्तदाब उतरलेला, माणूस भ्रमिष्ट

आणि सर्वांत फसवं: इतकं दुखणारी जागा अचानक दुखेनाशी, बधिर होणं. घरच्यांना हायसं वाटतं. त्याचा अर्थ त्वचेला जाणारे तंतू मेले, रक्तपुरवठाही गेला. त्या क्षणी घड्याळ बघायचं नाही, शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं. स्कॅन काढण्यासाठी शस्त्रक्रिया खोळंबवणंही चूक. संशय दाट असेल तर उघडून पाहणं हीच तपासणी.

साध्या सेल्युलायटिसमध्ये (त्वचेतला पसरणारा जिवाणूसंसर्ग) लालीच्या कडेवर न पुसणाऱ्या पेनने रेघ मारून शेजारी वेळ लिहा. अँटिबायोटिक सुरू केल्यावर पहिल्या २४ ते ४८ तासांत लाली थोडी पुढे जाऊ शकते, तेवढ्यावरून औषध लागू पडलं नाही असं ठरवू नये. ताप, दुखणं आणि एकंदर तब्येत जोडीने बघावी. गडद त्वचेवर लाली नीट दिसत नाही. तिथे हाताच्या पाठीने उष्णता आणि बोटांनी कडकपणा चाचपून कड ठरवा.

पेशीपुराण

शल्यक, मान्य. ती बाजू वेगळी लिहायची होती, तुम्ही जास्त चांगली मांडलीत.

एकच सीजीआरपी एकीकडे फळी उभारतं आणि दुसरीकडे मोडतं, यात विसंगती वाटते खरी. पण रेणूचं काम ऐकणारी पेशी ठरवते. डेंड्रिटिक पेशीने ऐकलं तर आयएल-२३. न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेजने ऐकलं तर ढिलाई. बुरशीविरुद्ध आयएल-१७ शिवाय चालतच नाही, म्हणून पहिला परिणाम वरचढ ठरतो. स्ट्रेप्टोकोकसच्या खोल संसर्गात पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल किती झटपट येतात यावर सगळं अवलंबून असतं, म्हणून दुसरा. शिवाय खोलीचा फरक आहे: एक लढाई त्वचेच्या वरच्या थरांत, दुसरी त्वचेखालच्या आवरणांत.

म्हणून 'वेदनातंतू संसर्गात चांगले की वाईट' हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. जंतू कोणता, थर कोणता, तास कितवा, हे आधी सांगा.

रानजाई

हे निष्कर्ष काढताना तंतू कसे घालवले तेही बघा, नाहीतर भलतीच तुलना होते.

रेसिनिफेराटॉक्सिन ही कॅप्सेसिनची कित्येक पट तीव्र भावंड. रूढ पद्धत अशी: सुमारे ४ आठवड्यांच्या उंदराला भूल देऊन कुशीत त्वचेखाली लागोपाठ तीन दिवस चढत्या मात्रा, ३०, ७० आणि १०० मायक्रोग्रॅम दर किलोला. मग काही आठवडे थांबायचं. चढत्या मात्रा यासाठी, की पहिल्याच दिवशी मोठी मात्रा दिली तर श्वास आणि शरीराचं तापमान कोसळून उंदीर मरतात. थांबायचं यासाठी, की मरणाऱ्या टोकांतून सुटलेली पेप्टाइडं स्वतःच दाह करतात. घाईने संसर्ग दिला तर तंतू नसल्याचा परिणाम मोजताय की तंतू मरतानाचा, हे कळत नाही. शेवटी गरम पृष्ठभागाच्या चाचणीत उंदीर पाय उशिरा उचलतो का ते बघायचं. ही पायरी गाळलेले निबंध मी बाजूला ठेवते.

जनुकीय पद्धतीत एनएव्ही१.८ (वेदनातंतूंवरची सोडियमवाहिनी) असलेले सगळे तंतू मारतात. त्यात टीआरपीव्ही१ नसलेलेही जातात. दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून 'हे परस्परविरोधी' म्हणणाऱ्यांनी जरा जपून.

तिसरी अडचण वागणुकीची. न दुखणारा, न खाजणारा उंदीर ती जागा चाटत नाही, खाजवत नाही, सांभाळत नाही. जंतूंच्या संख्येत याचाही हात असतो.

आणि हे सगळं उंदरांचं. त्यांची त्वचा पातळ, केस दाट. बाह्यत्वचेतल्या ज्या गॅमा-डेल्टा टी-पेशी त्यांच्याकडे भरपूर असतात, तसा थर माणसात नसतो. माणसातला पुरावा आडून येतो.

कोऽहम

आडून म्हणजे कुठून?

रानजाई

सोरायसिस, त्वचेवर खवल्यांचे चट्टे उठणारा आजार. ज्या भागाचा मज्जातंतू अपघातात किंवा शस्त्रक्रियेत तुटला, तिथला चट्टा निवळल्याच्या नोंदी बऱ्याच आहेत. तंतू परतल्यावर काहींत तो पुन्हा उगवला. सोरायसिस म्हणजे आयएल-२३ आणि आयएल-१७ ची तीच वाट, जंतू नसताना सुरू राहिलेली. २०१४ मध्ये उंदरांत हेच दाखवलं गेलं: वेदनातंतू घालवले की सोरायसिससारखा दाह उतरतो.

दुसरं, जन्मजात वेदना न जाणवणारी मुलं. एनटीआरके१ जनुकातल्या दोषात वेदनातंतू वाढीच्या काळातच मरतात, घामही येत नाही. या मुलांना त्वचेचे आणि हाडांचे स्टॅफिलोकोकसचे संसर्ग वारंवार होतात, जखमा लवकर भरत नाहीत. इथे न कळलेल्या इजा किती आणि प्रतिकाराची उणीव किती, हे वेगळं करणं अवघड आहे.

तिसरं, बुरुली व्रण. त्याचा जिवाणू, मायकोबॅक्टेरियम अल्सरन्स, मायकोलॅक्टोन नावाचं विष बनवतो. ते वेदनाही दाबतं आणि प्रतिकारपेशींनाही. मोठाच्या मोठा व्रण, पण दुखत नाही, म्हणून माणसं उशिरा येतात. स्ट्रेप्टोकोकस तंतूला ओरडायला लावतो, हा त्याचं तोंड बंद करतो. फायदा दोघांचाही.

औषधालय

कोऽहम यांचा पहिला प्रश्न राहिलाय.

पॅरासिटामॉल घ्या, बिनधास्त. त्याने तंतूंची टोकं मरत नाहीत. मेंदूपर्यंतची जाणीव बोथट होते, त्वचेतली टोकं जिथल्या तिथे असतात. अट एकच: औषधाच्या अमलाखाली 'दुखणं कमी झालं म्हणजे संसर्ग उतरला' असा हिशोब करायचा नाही. मात्रेचा असर उतरत आल्यावर, पुढच्या मात्रेच्या आधी, जागा बघा.

आयब्युप्रोफेन गटाचं थोडं वेगळं. कांजिण्यांत ते टाळायला सांगतात, कारण त्यासोबत त्वचेचे गंभीर संसर्ग दिसल्याच्या नोंदी आहेत. औषधाने संसर्ग वाढतो की वाढत्या संसर्गाचं दुखणं झाकलं जातं, हा वाद जुना आहे. व्यवहारात फरक पडत नाही: कांजिण्यांत टाळा.

बधिर करणारं इंजेक्शन. लिग्नोकेनचा असर तास-दोन तासांचा, त्याने प्रतिकार खचेल अशी भीती नको. कमाल मात्रा प्रौढांत साधं ४.५ मिलिग्रॅम दर किलोला (एकूण ३०० मिलिग्रॅमपर्यंत), अॅड्रिनलिनसह ७ मिलिग्रॅम दर किलोला (एकूण ५०० पर्यंत). १ टक्का द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम असतं, त्यावरून मोजा. गळवात ते नीट चालत नाही ही नेहमीची तक्रार. कारण रसायनाचं: पिकलेल्या ऊतीत आम्लता जास्त. आम्लात लिग्नोकेनचे बरेचसे रेणू भारित होतात आणि भारित रेणू तंतूच्या पटलातून आत जात नाही. शिवाय रक्तपुरवठा वाढलेला, औषध लवकर वाहून जातं. उपाय: पुवाच्या पोकळीत न टोचता गळवाभोवतीच्या निरोगी त्वचेत कडं करून टोचायचं, पाच ते दहा मिनिटं थांबायचं, आणि जमत असेल तर वरच्या बाजूला तंतूच अडवायचा. पोकळीत टोचलं तर दाब वाढून उलट जास्त दुखतं.

मिरचीपूड

कॅप्सेसिनच्या मलमाने टोकं मरतात म्हणे. मग ते लावून त्वचा उघड्यावर पडत नाही का?

औषधालय

०.०२५ ते ०.०७५ टक्के मलम दिवसातून तीन-चारदा लावायचं असतं. पहिल्या आठवड्यात आग होते, कारण टोकं पेप्टाइड सोडत असतात. मग ती रिकामी होतात, मागे सरतात. अधूनमधून लावणाऱ्याला आगच तेवढी मिळते, गुण येत नाही. ८ टक्क्यांचा पॅच प्रशिक्षित हातांनीच लावायचा: पावलांवर ३० मिनिटं, इतरत्र ६०, नायट्राइल हातमोजे घालून (लॅटेक्समधून कॅप्सेसिन आत येतं), पुन्हा लावायचा तर किमान तीन महिन्यांनी. टोकं काही महिन्यांत परत वाढतात.

दोन्ही फक्त अखंड त्वचेवर. भेग, ओरखडा, बोटांच्या बेचक्यातली ओली बुरशी, व्रण, यांवर नाही. मधुमेहाचं पाऊल आधीच बधिर असेल तर पॅचआधी नीट तपासा, कारण उरलेली थोडी टोकंही आपण काही काळासाठी काढून घेतोय.

टोचणी

पावलांचा विषय निघालाच आहे तर बधिर पाऊल तपासायची रीत लिहिते, कारण ती बहुतेक ठिकाणी चुकीची होते.

१० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (तेवढ्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा) घ्या. आधी माणसाच्या हातावर टेकवून 'असं जाणवेल' हे कळू द्या. मग डोळे मिटायला सांगा. जागा: अंगठ्याच्या तळाचा भाग, अंगठ्यामागचा उंचवटा, करंगळीमागचा उंचवटा. फिलामेंट काटकोनात टेकवा, वाकून अर्धवर्तुळ होईल इतका दाबा, उचला. सगळं मिळून दोन सेकंद. घासू नका, झटका देऊ नका. प्रत्येक जागी तीनदा विचारायचं, त्यातलं एक खोटं: न टेकवता 'आता लागलं का?' तीनपैकी दोन उत्तरं बरोबर आली तर ती जागा ठीक. घट्टा, जुना व्रण, खपली यांवर करू नका, शेजारी करा. आणि एकच फिलामेंट दिवसभर वापरत राहिलं तर तो मऊ पडतो, कमी वजनाला वाकतो, आणि चांगलं पाऊलही बधिर ठरतं. दहाएक माणसांनंतर त्याला २४ तास विश्रांती द्या.

रानजाई

टोचणीताई, रीत अगदी बरोबर, पण या धाग्यापुरती एक मेख आहे. मोनोफिलामेंट आणि १२८ हर्ट्झचा कंपनकाटा हे दोन्ही जाड, आवरणवाल्या स्पर्शतंतूंची परीक्षा घेतात. वेदनातंतूंची नव्हे. बारीक तंतू आधी जाऊ शकतात. पाऊल फिलामेंटला पास होतं, पण गरम-गार कळत नाही आणि टाचणीचं टोक बोथट वाटतं. तेव्हा टाचणी (दर माणसाला नवी) आणि गार धातू हे दोन्ही जोडायला हवेत.

नक्की मोजायचं तर त्वचेचा तुकडा: ३ मिलिमीटरचा पंच, बाहेरच्या घोट्याच्या वर १० सेंटिमीटरवर. ५० मायक्रोमीटर जाडीचे काप, पीजीपी ९.५ (मज्जातंतूंतलं प्रथिन) दाखवणारा रंग, आणि बाह्यत्वचेच्या तळपटलाला ओलांडून वर जाणारे तंतू मोजून दर मिलिमीटरला किती ते काढायचं. वर गेल्यावर फुटलेल्या फांद्या वेगळ्या मोजायच्या नाहीत. नवखे इथेच आकडा फुगवतात. नेहमीच्या फॉर्मलिनमध्ये तुकडा टाकला तर तंतू तुटक दिसतात, म्हणून त्यासाठीचं खास द्रावण आधी मागवून ठेवा.

दुसरी एक जुनी सोपी परीक्षा: हिस्टॅमिनचा एक थेंब (हजारात एक) आणि त्यातून हलकी टोच. निरोगी त्वचेत लाली पसरते. कुष्ठरोगाच्या फिकट चट्ट्यावर पसरत नाही, कारण जंतूने त्वचेतले तंतूच खाल्लेले असतात. उलट खांद्याच्या अपघातात तंतूंचं मूळ मेरुरज्जूपासून उपटलं गेलं, तर हात पूर्ण बधिर असूनही लाली पसरते. गाठीतली पेशी आणि त्वचेतलं टोक अजून जोडलेलं आहे, तुटलंय ते गाठीच्या मागे. आणि हे कळलं की दुरुस्तीची दिशा बदलते.

शल्यक

यातून पावलांबद्दल एक धोक्याची गोष्ट निघते. मधुमेही पावलातला संसर्ग आपण सूज, लाली, उष्णता, दुखरेपणा आणि पू यांपैकी किमान दोन असतील तर धरतो. तंतू गेलेल्या पावलात दुखरेपणा तर नसतोच, पण अॅक्सॉन रिफ्लेक्सही गेल्याने लालीसुद्धा कमी पसरते. दोन खुणा एकाच कारणाने गायब. व्रणाच्या कडेपासून २ सेंटिमीटर किंवा त्याहून दूर लाली गेली असेल तर संसर्ग मध्यम दर्जाचा मानतात. बधिर पावलात दीड सेंटिमीटरलाही मी हलकं घेणार नाही. आणि इतकी वर्षं न दुखणारं पाऊल अचानक दुखू लागलं तर आत खोलवर काहीतरी साचलंय असं समजून चाला.

खाजखुजली

खाजेबद्दल कुणीच बोललं नाही. २०२३ मध्ये दिसलं की स्टॅफिलोकोकस ऑरियसचं व्ही८ नावाचं प्रथिनभंजक विकर तंतूवरच्या पीएआर१ ग्राहकाला छेडून थेट खाज आणतं. २०२५ च्या उंदरांवरच्या कामात खाजवल्याने वेदनातंतू सबस्टन्स पी सोडतात, त्याने मास्ट पेशी जास्त भडकतात, दाह वाढतो, पण त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस कमीही होतात असं निघालं.

औषधालय

शेवटचं वाक्य वाचून कुणी इसबावर नखं चालवू नयेत. त्या दाहाची किंमत इसबात फार मोठी पडते, आणि फाटलेल्या त्वचेतून तोच जंतू आत जातो. नखं कापा, मऊसर मलम भरपूर लावा.

पेशीपुराण

जखम भरण्याबद्दल एक भर. २०२४ मध्ये एनएव्ही१.८ तंतू नसलेल्या उंदरांत त्वचेच्या आणि स्नायूंच्या जखमा उशिरा भरल्या. सीजीआरपीचं काम तिथे वेगळंच दिसलं: आपलं काम झालेल्या न्यूट्रोफिलना लवकर मरायला लावणं आणि मॅक्रोफेजना साफसफाई व दुरुस्तीकडे वळवणं. मधुमेही उंदरांना बदल केलेलं सीजीआरपी दिल्यावर जखमा लवकर भरल्या. म्हणजे स्ट्रेप्टोकोकसच्या पहिल्या तासांत जी ढिलाई घातक ठरते, तीच जंतू गेल्यावर हवीशी असते. बधिर पावलातले व्रण महिनोन्महिने का रेंगाळतात याच्या अनेक कारणांत (रक्तपुरवठा, दाब, साखर) हेही एक धरायला हवं.

कोऽहम

टोचणीताई, घरी रोज करण्यासारखं काय? दुखणं नाही, लालीचा भरवसा नाही, मग बघायचं तरी काय?

टोचणी

उष्णता. बुटात हात घालून खडा-खिळा चाचपणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणं, अनवाणी न चालणं, घट्ट्यांवर आम्लाच्या पट्ट्या न लावणं, अंघोळीचं पाणी पायाने न जोखता थर्मामीटरने ३७ अंशांखाली ठेवणं, हे तर आहेच. पण इशारा सर्वांत आधी तापमानात येतो.

त्वचेसाठीचा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. बूट-मोजे काढून दहा मिनिटं बसा, पाय एकमेकांवर किंवा उन्हात नकोत. दोन्ही पावलांवर त्याच त्या जागा: अंगठा, पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बोटामागचे उंचवटे, पावलाचा मध्य, टाच. अंतर दरवेळी सारखं ठेवा, जवळ-लांब केलं की आकडा बदलतो. डावा-उजवा शेजारी लिहा. एखाद्या जागी २.२ अंश सेल्सिअस किंवा जास्त फरक लागोपाठ दोन दिवस दिसला तर चालणं कमी करून पाऊल दाखवा, कातडी धडधाकट दिसत असली तरी. दोन्ही पावलं सारखीच तापली असतील तर हा हिशोब चालत नाही. एक पाऊल आधीच गमावलेल्यांनाही नाही. त्यांनी त्याच पावलाच्या शेजारच्या जागांशी आणि आदल्या दिवसांच्या आकड्यांशी ताडून बघायचं. आणि व्रण उघडा असेल तर तापमान मोजत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.